गोदूमावशीच्या झांजेची मूठ

रामनवमीला आमच्या रेवदंड्याच्या आळीत रामाचा जन्म गोदूमावशी करते. आमच्याकडे बोलायची पद्धतच तशी. जन्माचं कीर्तन तिचं, तबल्यावर तिचा नवरा बाबाजीकाका, आणि दुपारी बाराला पाळण्याची दोरी ओढली जाते ती तिच्याच हातानं. बाकी वर्षभर ती अलिबागपासून मुरुडपर्यंत कुठं कुठं कीर्तनं करून येते. तिथं तिला गोदावरीबाई म्हणतात, गळ्यात हार घालतात. पण आळीतल्या या कीर्तनाला ती सकाळपासून पाण्यावर असते आणि कुणाशी बोलत नाही. देवासमोर उभी राहून तिनं पहिल्यांदा झांजा वाजवल्या की मागं बसलेली लहान पोरंसुद्धा चुळबुळ थांबवतात.

गेल्या दिवाळीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आली तेव्हा जीभ जड होती, डावा पाय ओढत होता. जीभ सुटली. पायही पुष्कळसा सुटला. आवाजाला तर देवानं धक्काच लावला नव्हता. डावा हात मात्र मागं राहिला. अंगठा तळव्याला चिकटल्यासारखा, शेवटची दोन बोटं आत वळलेली, आणि स्थिर ठेव म्हटलं की जास्तच थरथरणारा.

झांजेच्या मधल्या भोकातून दोरी ओवलेली असते. ती बोटांत धरायची आणि झांज मोकळी लोंबू द्यायची. मोकळी असली तरच ती बोलते. बाबाजीकाकांनी एकदा फडक्यानं ती मावशीच्या तळव्याला घट्ट बांधून पाहिली, तर आवाज आला तो डब्याचं झाकण पडल्यासारखा. मग कुणी सुचवलं, चिपळ्या घ्या, त्या एका हातात वाजतात. मावशीनं उजव्या हातात चिपळ्या घेऊन पाहिल्या आणि ठेवून दिल्या. त्यांच्यावर माझे पाय उचलत नाहीत, म्हणाली. झांजा खुंटीला गेल्या.

महाशिवरात्र झाली आणि देवळाच्या ट्रस्टचे रतनशेठ घरी आले. बाजारात त्यांचं किराणा दुकान, बोलण्याला गुजराती वळण, मन मऊ. बराच वेळ ते वाडीतल्या माकडांच्या त्रासाबद्दल बोलत राहिले. मग उत्सवाची पत्रिका छापायला टाकायची आहे एवढं म्हणाले आणि पुढं त्यांना बोलवेना.

मावशीनंच त्यांना सोडवलं. "दुसऱ्या कुणाचं नाव घाला, शेठ. पेणच्या बाई छान करतात जन्म."

बाबाजीकाका पडवीत सुपाऱ्या सोलत होते. त्यांचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

हे सगळं केतन ऐकत होता. केतन मावशीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आईबाप तळा गावी भातशेतीवर, आणि याची नोकरी अलिबागच्या वाटेवरच्या एका पंपांच्या कारखान्यात, म्हणून तो मावशीकडेच राहतो. तो रतनशेठना म्हणाला की पत्रिका जरा थांबवा. का, ते त्यालाही नीट सांगता येईना. शेठ मात्र लगेच हो म्हणाले. त्यांना थांबायला कारणच हवं होतं.

केतनच्या डोक्यात आलं होतं ते असं. झांज हाताला बांधायची नाही. हातात बसेल अशी एक मूठ करायची, तिला पुढं कडी ठेवायची आणि झांज त्या कडीला मोकळी लोंबू द्यायची. मूठ कारखान्यातल्या वस्तू छापणाऱ्या थ्रीडी मशीनवर प्लास्टिकची काढता येईल. फक्त हात मोजायला हवा, आणि मोजणं हेच तर त्याचं काम.

तो कारखान्याच्या मोजमाप खोलीत असतो. पंपाचा ओतीव भाग तिथं येतो. निळ्या उजेडाचा स्कॅनर त्याच्याभोवती फिरवला की तो जसाच्या तसा संगणकात उतरतो. संगणकात त्या भागाचं कॅड मॉडेल आधीच असतं, म्हणजे भाग जसा व्हायला हवा होता तसा. आलेला भाग त्या मॉडेलवर नेऊन ठेवायचा, आणि हे नेऊन ठेवणं हीच खरी गोम. सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलं तर ते भाग असा सरकवतं की चूक सगळीकडे थोडी थोडी वाटली जाते. पडद्यावर चित्र छान दिसतं आणि पंप जोडायला गेलं की बसत नाही. म्हणून खोलीच्या प्रमुख विनिता मॅडम यांची शिस्त अशी की भाग कशावर टेकणार आहे त्या जागा आधी ठरवायच्या, तिथं तो टेकवायचा, मग बाकीचं कुठं किती चुकलंय ते बघायचं. केतनला हे त्यांनी शिकवलं, आणि तो ते घोकून पाठ केल्यासारखं करत असे.

मॅडमनी मालकांना विचारलं आणि एका शनिवारी दुपारी, काम सुटल्यावर, केतन मावशीला रिक्षानं घेऊन गेला. बाबाजीकाका झांजा पिशवीत घेऊन बरोबर. मोजमाप खोलीत धुळीमुळं चपला बाहेर काढायला लागतात. मावशीनं त्या काढल्या, आत एसीचा गारवा लागला, समोर काळ्या दगडाचं भलं मोठं गुळगुळीत टेबल दिसलं, आणि तिनं उंबऱ्यातच नमस्कार केला. देव कुठं आहेत, असं तिनं हळूच विचारलं. विनिता मॅडम कडक म्हणून कारखान्यात प्रसिद्ध. त्यांनी तोंड वळवून हसू लपवलं.

झांज चकाकते म्हणून स्कॅनरला दिसत नाही. केतननं तिच्यावर पांढरी भुकटी उडवली. बाबाजीकाका म्हणाले, झांजेनं भस्म फासलं, आता ती संन्यास घेणार. मग मावशीच्या हातावर खुणेचे बारीक गोल ठिपके चिकटवले. तेव्हा मावशी मॅडमना म्हणाली, "बाय, आमच्यात टिकली कपाळाला लावतात हो. तुमच्याकडं हाताला काय?"

पडद्यावर एक जुना पंपाचा भाग उघडा होता, रंगीत. ते काय आहे असं मावशीनं विचारलं. केतननं सांगितलं की मॉडेलशी जुळलं ते हिरवं, जास्तीचं ते तांबडं, कमी पडलं ते निळं.

"आणि जुळलंच नाही तर?"

"तर तो भाग बाद."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. "कडक देव हाय रे तुझा," ती म्हणाली.

डावा हात काही स्थिर राहीना. केतननं हलू नको म्हटलं की बोटं अजून आवळायची. स्कॅनमध्ये हाताचे दोन दोन कंगोरे यायला लागले. मावशीला घाम फुटला. तेव्हा केतननं एक युक्ती केली. उजवा हात धडधाकट होता. तो त्यानं स्कॅन केला आणि संगणकात आरशातल्यासारखा उलटा करून घेतला. झाला डावा हात. नितळ, सुबक, बोटं अर्धी मिटलेली, झांज धरावी तशी. त्या हातावर त्यानं मूठ आखली आणि छापायला टाकली. छापून आल्यावर ती पुन्हा मोजली, त्या हातावर बसवली, आणि पडद्यावर सगळं हिरवं झालं. इतकं हिरवं चित्र त्यानं त्या खोलीत क्वचितच पाहिलं होतं.

मूठ घरी आली. मावशीनं आधी देवापुढं ठेवली, मग हातात घालायला घेतली. बाबाजीकाकांनी तिची बोटं एकेक करून उघडली. अंगठा बाजूला घेताना तिनं डोळे मिटले. मूठ शेवटी आत गेली. झांज कडीला लावली आणि उजव्या हातातली तिच्यावर टेकवली, तर खरंच मोकळा, लांब नाद निघाला. काका आता तबल्याकडे धावतात की काय असं वाटलं.

"छान झालीय रे," मावशी म्हणाली. "सवय होईल."

दुसऱ्या दिवशी केतन दुकानात जाऊन रतनशेठना सांगून आला, आणि पत्रिकेवर तिचं नाव छापलं गेलं.

रोज संध्याकाळी मावशी मूठ घालून बसे. केतन कामावरून यायच्या आधीच तिचं बसून झालेलं असे, आणि आज किती वेळ बसलीस विचारलं तर पुष्कळ म्हणे. एक दिवस कंपनीची गाडी लवकर सुटली आणि तो दिवेलागणीच्या आत घरी पोचला. मावशी मागच्या पायरीवर बसली होती. काका तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात हळद आणि तूप लावत होते. तिथली कातडी सोलवटून लाल झाली होती.

केतन दारातच थांबला. काकांनी त्याला पाहिलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ती बोलायची न्हाय. तुला वाईट वाटेल म्हणून."

मावशी हात पदराआड घेऊ लागली. केतन खाली बसला आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. मग मावशी त्याची समजूत घालायला लागली की वहाण नवी असली की चावतेच, तिचं काय एवढं.

सकाळी त्यानं विनिता मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी पहिल्या दिवशीचे डाव्या हाताचे अर्धेमुर्धे स्कॅन मागवले. त्यातल्या त्यात बरा निवडला आणि केतननं बनवलेल्या सुबक हातावर नेऊन ठेवला. पडदा तांबडा झाला, मध्ये मध्ये गर्द निळा. अंगठा तर कुठल्या कुठं.

"बघा ना मॅडम," केतन म्हणाला, "हात केवढा बाहेर गेलाय."

मॅडमनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मग काय, मावशींच्या हाताला बाद करणार आहेस?"

केतनच्या लक्षात आलं. इतकी वर्षं त्या खोलीत मॉडेल कधी चुकलं नव्हतं. चुकायचा तो भाग. त्या सवयीनं त्यानं मावशीसाठी एक बरोबर हात तयार केला होता, तिचा नसलेला, आणि मग तिचा खरा हात त्याच्यात कोंबला होता. आणि तीही बिचारी रोज संध्याकाळी बसून स्वतःला त्याच्याशी जुळवून घेत होती.

"त्यांचा हात हाच मॉडेल," मॅडम म्हणाल्या. "चुकली तर मूठ चुकेल. चल, परत मोजू. या वेळी मीच येते तुमच्याकडं, त्यांना कशाला पुन्हा रिक्षात बसवायचं."

रविवारी त्या स्कॅनरची पेटी घेऊन रेवदंड्यात आल्या. पडवीत सुपारीची पोती बाजूला सारून जागा केली. पुन्हा टिकल्या लागल्या. पुन्हा हलू नको, पुन्हा तीच थरथर. मावशी कानकोंडी झाली. तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि या हाताला मेल्याला लाज नाही, असं म्हणायला लागली.

बाबाजीकाकांना काही सुचेना. हातांना काही सुचेनासं झालं की ते जे करतात तेच त्यांनी केलं. तबला पुढं ओढला आणि सावकाश ठेका धरला. मावशी त्या ठेक्यावर आपोआप गुणगुणायला लागली. पूर्वरंगाच्या आधी ती म्हणते ते नमन. दुसऱ्या ओळीला आवाज भरला, खांदा खाली आला, आणि डावा हात मांडीवर निवांत पडला. बोटं उघडली नव्हती. वळलेलीच होती, पण आवळलेली नव्हती. अंगठाही तळव्यापासून बोटभर सुटला.

मॅडमनी केतनला कोपरानं ढोसलं. तो भानावर आला आणि स्कॅनर उचलला.

हात अगदीच दगडासारखा काही राहिला नाही. गाताना तो थोडा थोडा हलायचा. म्हणून त्यांनी तुकड्या तुकड्यानं घेतलं, एका ओळीला वरून, एकीला खालून, एकीला अंगठ्याच्या बाजूनं. मावशी गात होती, काका वाजवत होते, शेजारची मैनाकाकू कुंपणापाशी येऊन हात जोडून उभी राहिली, तिला वाटलं कीर्तनच लागलंय. नंतर हे सगळे तुकडे एकमेकांवर बसवताना केतननं सॉफ्टवेअरवर काही सोपवलं नाही. मनगटाचं हाड, पहिल्या बोटाचं मूळ, करंगळीचं मूळ, एवढ्याच जागा त्यानं पक्क्या धरल्या. बोटं गाताना कुठंही जावोत, या तीन जागा आपली जागा सोडत नाहीत. नवी मूठ त्या तिन्हीवर टेकली. बेचक्याला तिनं शिवायचंसुद्धा नाही असं ठरलं. पडद्यावर बोटांच्या बाजूला सगळं निळं दिसत होतं, म्हणजे मूठ आणि कातडी यांच्यात जागा मोकळी. केतनचा हात ती भरून हिरवं करायला शिवशिवला. मॅडम म्हणाल्या, राहू दे ते निळं, गाताना बोटांना ती जागा लागेल.

नवी मूठ हातात घालायला बोटं उघडावी लागली नाहीत. काकांनी नमन धरलं, मावशीनं गायला सुरुवात केली आणि मूठ बाजूनं सरकवली, बस्स. तिनं हात उलटा केला, सुलटा केला, झटकून पाहिला. मग खुंटीवरची दुसरी झांज स्वतः उठून काढून आणली.

एकच गोष्ट राहिली होती आणि ती मूठ करून जाण्यासारखी नव्हती. तालमीत डावा हात जरा उशिरा यायचा. उजवा पोचायचा आणि मग किंचित थांबून डावा. जलद चालीत ते जास्त दिसायचं. केतनला वाटलं, कडी थोडी पुढं घेतली किंवा दोरी आखूड केली तर फरक पडेल. तो मोजायची पट्टी घेऊन बसला तेव्हा काकांनी ती त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

"ते असू दे. तिची झांज पडंल तिथं माझी सम."

रामनवमीला देऊळ भरलं. आजारपणानंतरचं पहिलं कीर्तन म्हणून चौलपासूनची माणसं आली होती. विनिता मॅडम आल्या, बायकांत भिंतीला टेकून बसल्या. मावशी काठी न घेता उभी राहिली. पायात जरा अंतर ठेवून, पण उभी. मूठ निळ्या प्लास्टिकची होती, मैनाकाकूनं तिच्यावर मोगऱ्याचा छोटा गजरा गुंडाळून दिला होता. झांजा वाजल्या आणि मागची पोरं गप्प झाली.

पूर्वरंगात ती देहाबद्दल बोलली. फार नाही. म्हणाली की भगवंताकडं जाताना आपण दारात उभे राहून आधी स्वतःला नीटनेटकं करत बसतो, आणि तो आतून म्हणत असतो की अगं, जशी आहेस तशीच ये, मला तुझं माप ठाऊक आहे. केतनला तेही धड ऐकू आलं नाही. त्याचं सगळं लक्ष तिच्या मनगटाकडं. मूठ सरकते का, बेचका लाल होतो का. पूर्वरंग संपल्यावर बुक्का लावायला आलेल्या काकांनी त्याच्या कपाळावर जरा जोरातच बोट टेकवलं, तेव्हा त्यानं मान वर करून मावशीच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसत होती.

उत्तररंगात मात्र हात दमला. डावी झांज आणखी मागं पडायला लागली. तिचा नाद यायचा, पण वाट बघायला लावून. बाबाजीकाकांनी ठेका खाली घेतला. मग अजून खाली. ते तबल्याकडं बघतच नव्हते, तिच्या डाव्या हाताकडं बघत होते, आणि तो खाली आला की त्यांचं बोट शाईवर पडे. पेटीवाला चांगदेव आधी गोंधळला, मग तोही काकांच्या मागून चालू लागला. कीर्तन नदीसारखं रुंद झालं आणि सावकाश झालं. ऐकणाऱ्यांना वाटलं, यंदा मावशीनं चालच निराळी बांधलीय.

पण चाल सावकाश झाली की आख्यान लांबतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा कौसल्येच्या महालात अजून दिवेसुद्धा लागले नव्हते. रतनशेठ गुलालाची मूठ उचलून पाळण्यापाशी उभे होते. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मग मावशीकडं पाहिलं. ती डोळे मिटून गात होती, कपाळावर घाम, झांज येत होती, थांबत होती, येत होती. शेठनी वर उचललेला हात हळूच छातीशी घेतला आणि थांबले. फुलं घेऊन बसलेल्या बायका थांबल्या. घंटेची दोरी धरलेला माणूस थांबला. देवळात कुणी घड्याळाकडं पुन्हा मान वळवली नाही.

मावशीनं आख्यान जराही आखडतं घेतलं नाही. दिवे लावले, वाद्यं आणली, आकाशात देव जमवले, सगळं नेहमीसारखं. मग डोळे उघडले, पाळण्याकडं आली आणि दोरी ओढली. तेव्हा जन्म झाला. गुलाल उडाला, घंटा, फुलं, सगळं एकदम. पाळणा म्हणताना पुढच्या बायका रडत होत्या आणि हसत होत्या. विनिता मॅडमच्या केसांत गुलाल होता आणि त्या तो झटकत नव्हत्या.

आरती झाली. सुंठवडा वाटायला घेतला. मावशी खांबाला टेकून बसली, केतननं तिच्या हातातून मूठ काढली आणि बेचका बोटानं चाचपून पाहिला. मऊ होता. तो तिच्याजवळ बसला. तिनं गुलालानं भरलेला हात त्याच्या डोक्यावरून फिरवला.

तेवढ्यात मावशीची नजर भिंतीवर गेली आणि तिचं तोंड उतरलं. "अगो बाई. बारा कधीच होऊन गेले की. शेठ, मी रामाला ताटकळत ठेवलं."

रतनशेठ सुंठवड्याचं ताट घेऊन उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले, "ना ना गोदूबेन. ते घड्याळ पुढं हाय. किती दिवस सांगतोय मी या लोकांना, कोणी ऐकत नाय."

घड्याळ पुढं नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाबाजीकाका तबल्याला खोळ घालत होते. ते म्हणाले, "हाय तर. बरंच पुढं हाय."

शेठनी ताट मैनाकाकूच्या हातात दिलं आणि स्टूल मागवलं. मग तोल सावरत, धोतर गुडघ्याशी धरून ते वर चढले आणि काच उघडून मोठा काटा मागं सरकवायला लागले. खाली केतन दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभा होता. "बस का?" शेठनी विचारलं.

त्यानं मावशीकडं पाहिलं. "अजून थोडं," तो म्हणाला.